केसरचं सुतक

अक्का,

आज डाळ निवडताना पुन्हा एक डायमंड सापडला. हिरवा. तुझ्या त्या मेंदी रंगाच्या साड्यांच्या ऑर्डरीतला असणार. ती ऑर्डर केव्हाच संपली, साड्या विकल्या गेल्या, कुणी नेसून जुन्याही केल्या असतील, आणि हा खडा तूरडाळीत कसा येऊन बसला ते देवालाच ठाऊक. तू गेल्यापासून हे असंच चाललंय. कंगव्यात खडा, माझ्या चपलेच्या तळाला खडा, मायच्या चष्म्याच्या घरात खडा. घर किती वेळा झाडलं, पुसलं, तरी निघतातच. तुला जन्मभर सांगत होते, साडीवर डायमंड चिकटवायला बसशील तेव्हा खाली चादर अंथर, सांडतात. ऐकलंस कधी? आता जाऊनही सांडतेसच.

आणि ती कडी. बेल असताना तू कधी बेल वाजवली नाहीस, बाहेरून कडी आपटायचीस, अख्ख्या गल्लीला कळायला हवं ना, की बाईसाहेब आल्या. आता वाऱ्यानं कडी हलली तरी माय आतून ओरडते, "दार उघड वं." मी उघडते. कुणी नसतं. पण लगेच लावून घेत नाही. कुणी आलंच असेल तर आत यायला जरा वेळ मिळावा म्हणून उभी राहते, आणि मग स्वतःलाच शिव्या घालत स्वयंपाकाला लागते.

तुझ्या गटातल्या मुली आल्या होत्या. म्हणाल्या, ताई, तुम्ही शाळेत शिकवता, केसरदीदीवर चार शब्द लिहून द्या, सभेत वाचू. त्यांना हवंय ते मला कळतं. कुठे जन्मली, काय सोसलं, कशी लढली. ते त्यांचं त्या लिहितील, आणि छान लिहितील. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर होतं आणि तू उठून गेलीस. ही कुठली रीत? आषाढात ताप आला काय, आणि तू चालती झालीस काय. मधल्या दिवसांत तुझ्याजवळ बसले होते तेव्हा वाटायचं, आता नको, बरी झाली की बोलू. तू बरी होण्याची वाट बघत मी एकेक मुद्दा जमवून ठेवत होते, माहितीये?

भांडण कशाचं, तर मूठभर गव्हाचं. गटातल्या मुलींना हे सांगितलं तर हसतील. पण आपल्या खानदेशी माणसांना नाही हसू येणार.

तुला काय सांगायचं, पण मला पहिल्यापासून बोलू दे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली नारळाची देवी, कानबाई, बसते. त्याआधी माय सूप पुढ्यात घेऊन गहू काढायला बसते. भाऊकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ सुपात टाकायची. सगळ्या मुठींचं मिळून दळण होतं, त्या पिठाचे रोट होतात, आणि ते रोट फक्त भाऊकीनं खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. पोरगा जन्माला आला की त्या वर्षी मूठ वाढते. माणूस मेला की मूठ कमी होते. पोरींची मूठ नसतेच. पोरगी जन्मली काय, मेली काय, सुपाला पत्ता नाही. मी या घरात जन्मले, लग्न करून गेले, वर्षाच्या आत परत आले, आज मायला मीच सांभाळते, पण त्या सुपात माझा एक दाणा कधी पडला नाही. आणि तुझी मूठ होती, तर तुला ती नको होती!

दादा इथे सुरतेत डाइंग मिलमध्ये होते, आपल्या बापाला आपण दादाच म्हणायचो, आणि त्यांची नखं कायम निळी नाहीतर लाल. पांडेसऱ्याहून सायकलवर यायचे. तेव्हा आपण एका खोलीत राहायचो, आणि माय, तू, मी साड्यांवर डायमंड लावायचो. मला नेहमी कंटाळा यायचा. तू मात्र एकेक खडा असा ठेवायचीस की साडी तुझीच आहे. उरलेले खडे कपाळाला लावून आरशात बघायचीस, आणि सायकलची घंटी ऐकली की पुसून टाकायचीस. एकदा पुसायचं राहिलं. दादांनी बघितलं, हात धुऊन जेवायला बसले. जेवता जेवता मायला म्हणाले, "औंदा कानबाईचा शिणगार याले करू दे. याना हातले चांगला जमस." त्यांना किती कळलं होतं आणि किती नाही, हे मी आजही ठरवू शकत नाही. तू म्हणायचीस सगळं कळलं होतं. मी म्हणायचे, नव्हतं, ते साध्या मनानं बोलले. हेही भांडण राहिलंच की.

त्या वर्षापासून आपल्या कानबाईचा शिणगार तुझा. नारळाला डोळे, नाक, नथ, डोरलं, आणि तू शिवलेली वीतभर साडी. बघता बघता सगळ्या डिंडोलीत नाव झालं. बायका आपापला नारळ ताटात घेऊन दाराशी रांग लावायच्या. "किसनभाऊ, आमची नथ वाकडी बसते, जरा बघा ना." पुढे तू साडी नेसायला लागलीस, उधन्याला खोली घेतलीस, तेव्हा त्याच बायका गल्लीत तोंड फिरवायच्या. पण कानबाईचा शनिवार आला की पुन्हा नारळ घेऊन दारात! तू त्यांना एकदा म्हणालीस, "काय गं, माझ्या हातची देवी चालते, मग माझ्या हातचा चहा का नाही चालत?" एकीनं ओशाळून चहा घेतला. बाकीच्या म्हणाल्या, आत्ताच पिऊन आलो. तू ते वर्षभर नकला करून सांगत होतीस.

तुला दादा म्हणायचे नाही मी, त्या बापामुळे, भाऊ म्हणायचे. तू सांगितलंस, आजपासून अक्का. मी म्हटलं, सवय व्हायला वेळ लागेल. तू म्हणालीस, घे वेळ, पण भाऊ म्हणालीस तर ओ देणार नाही. दिली नाहीस. एकदा मी न्हाणीत होते, गॅसवर दूध. आतून बोंबलतेय, "भाऊ, दूध बघ, भाऊ, दूध जातंय!" तू तिथेच ओट्यापाशी उभी आणि ढिम्म. शेवटी मी ओरडले, "अक्का गं, मेले मी!" तर म्हणते कशी, "आले हं." अर्धं दूध ओट्यावर. माय तुला लाटणं घेऊन मारायला धावली आणि मध्येच हसत सुटली. त्या दिवसापासून माझ्या तोंडात अक्काच बसलं. मायच्या तोंडात नाही बसलं. ती तुला "पोऱ्या" म्हणायची, नाहीतर "ए", नाहीतर नुसतीच तुझ्याकडे बघून बोलायची.

दादा गेले त्याच्या पुढल्या वर्षी सुपातून त्यांची मूठ निघाली. मायचा हात सुपावर थांबला होता ते मला आठवतं. आता आपल्या घरची एकच मूठ उरली, तुझी. आणि भाऊकीचा नियम असा की ज्या घरची मूठ नाही त्या घरी कानबाई बसत नाही. गावाहून सुरतेला देवी आपल्या आजोबांनी आणली, म्हणून ती आपल्याकडे बसते. पांडेसऱ्याचे तात्याकाका, कडोदऱ्याची चुलतभावंडं, सगळे आपल्याकडे येतात. मायला सगळे त्या दोन दिवसांत वाकून नमस्कार करतात. एरवी रस्त्यात भेटले तर तात्या मोबाइलमध्ये बघतात.

मग ते वर्ष आलं. तुझं सरकारी ओळखपत्र हातात पडलं होतं, ते दाखवायला आली होतीस. त्याच्याही आधी, कोर्टानं तीनशे सत्त्याहत्तरचा निकाल दिला तेव्हा तू लोचो घेऊन आली होतीस, आणि मायनं विचारलं होतं, हे कशाचं. तू म्हणालीस, "आम्ही आता गुन्हेगार नाही, माय." माय म्हणाली, "कोन म्हंता व्हता?" आणि लोचोवर शेव आणखी मागितली. या वेळी मात्र ती सुपाशी बसली होती. नावं घेत होती. तात्यांचं, त्यांच्या मुलांचं, नातवांचं. शेवटी म्हणाली, "किसन," आणि मूठ उचलली. तू तिचं मनगट धरलंस.

"माय, किसनची घेऊ नको."

"हात सोड."

"सरकारनं लिहिलं, कोर्टानं मानलं, बँकेत नाव बदललं. सगळीकडे मी केसर. तुझ्या सुपात तेवढी मी किसन. काढ ती मूठ."

मायनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. "मूठ मरेल मानूसनी काढतस," ती म्हणाली. "जित्ता मानूसनी नही. तू मरेल शे का?"

"किसन मेला."

"मना समोर बठेल शे, मना हात धरेल शे, आनि मरना म्हणे!" असं म्हणून तिनं दुसऱ्या हातानं तुझा हात सोडवला आणि मूठ सुपात टाकली. वर पाव मूठही टाकली. काही विसरली नाही.

तेव्हा तू जे बोललीस ते मला अजून ऐकू येतं. "तुला मी नकोच आहे. तुला नारळ पाहिजे. मूठ गेली तर कानबाई तात्याकडे जाईल, म्हणून मला पुरुष करून ठेवलंयस." माय गहू निवडत राहिली. मी मध्ये पडले, माझा स्वभाव, आणि तुझ्यावरच उखडले. म्हटलं, तुझ्याकडे नाकारायला तरी मूठ आहे, माझ्याकडे काय आहे? तू म्हणालीस, "घे मग माझी. मला नको, तुला हवी, मायला फक्त आकडा पाहिजे." आणि डोळे पुसून नारळ सजवायला बसलीस. त्या वर्षीसारखी देवी पुन्हा कधी दिसली नाही.

पुढे दरवर्षी तेच. शनिवारी भांडण, रविवारी शिणगार, सोमवारी तापीवर विसर्जनाला सगळ्यात पुढे नाचायला तू. उधन्याला परत जाताना मला जिन्यात सांगायचीस, "मास्तरीणबाई, तू समजाव म्हातारीला." मी समजावलं नाही असं नाही. माय म्हणायची, "तुले काय कळस." खरंच कळत नव्हतं. ती तुला धरून ठेवत होती की देवीला, ते मला कधी कळलं नाही. तुझं म्हणणं बरोबर असावं, अशी माझी अर्धीमुर्धी खात्री झाली होती, आणि त्याची मला भीती वाटायची.

पुण्याहून ती अभ्यास करणारी मुलगी आली होती, आठवते? रेकॉर्डर घेऊन. समाजाचा इतिहास विचारत होती. तू तिला आजोळच्या गावातल्या सोंगांबद्दल सांगितलंस. देवीच्या उत्सवात लुगडं नेसून नाचणारा तो धनाबाबा, ज्यानं उत्सव संपल्यावरही केस कापले नाहीत, आणि जो गावाबाहेर एका चांभारकाम करणाऱ्या माणसाबरोबर म्हातारा झाला. तिनं विचारलं, गाव त्यांना काय म्हणायचं? तू म्हणालीस, "काही नाही म्हणायचं. हसायचं आणि ज्वारी द्यायचं." तिनं विचारलं, याची कुठे नोंद असेल का. तू म्हणालीस, "नोंद कोण करणार, बाई? त्याचे चुटके अजून सांगतात. आमचा इतिहास लोक हसत हसत सांगतात, तू त्यातलं हसणं काढून लिही." ती मुलगी गेली. मग मला म्हणालीस, "धनाबाबाची मूठ काढली असेल का गं त्याच्या घरच्यांनी?" मी म्हटलं, मला काय माहीत. आता वाटतं, विचारायला हवं होतं मायला. तिच्या माहेरचंच गाव ते.

तुझ्या शेवटच्या दिवसाचं फार लिहीत नाही. तुला तुझीच साडी नेसवली, ती केशरी, जिच्यावरून तू नाव घेतलंस. निऱ्या मी केल्या आणि त्या नेहमीसारख्या वाकड्या झाल्या, माफ कर. अग्नी मी दिला. तुझ्या गटातल्या सगळ्या होत्या, आणि तुझा तो कडोदऱ्याचा, त्याचं नाव मी घेत नाही, त्याची बायकापोरं आहेत. तो लांब फाटकाशी उभा होता, हेल्मेट डोक्यावर तसंच. सगळं संपेपर्यंत काढलं नाही. भाऊकीतलं कुणी आलं नाही. पांडेसऱ्याहून डिंडोलीला यायला तात्यांना रिक्षा मिळाली नसेल, पावसाचे दिवस.

रिक्षा मिळाली ती श्रावण लागल्यावर. तात्या आले, काकू आल्या, कडोदऱ्याची मोठी वहिनी आली. चहा झाला. मी मनात म्हटलं, आता बोलतील तुझ्याबद्दल दोन शब्द. तात्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वहिनी, कानबाईची तयारी कशी काय?"

मायनं त्यांच्याकडे बघितलं. "घरमा मानूस मरेल शे, तात्या. औंदा कानबाई कशी बठी?"

तुला माहीतच आहे, घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी देवी बसवायची नाही, अशी आपली रीत. तात्यांनी कप खाली ठेवला. फार मायेनं बोलायला लागले, आणि ते मायेनं बोलायला लागले की मला घाम फुटतो. म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण भाऊकीत विचार झालाय. तो काय घरात राहत नव्हता, घराण्याच्या रीतीनं वागला नाही. त्याचं सुतक भाऊकीला लागत नाही. देवी कशाला अडवायची? दरसालप्रमाणे तुमच्याकडेच बसू द्या. मुठीचं म्हणाल, तर माझा धाकटा नातू तुमच्या घरात धरू. तुमचा मान तुमच्याकडेच राहील."

बघ, किती सोपं करून दिलं त्यांनी. मायनं फक्त हो म्हणायचं. तुझं सुतक नाही म्हणायचं, की देवी इथे, मान इथे, वाकून नमस्कार इथे, तहहयात. आणि नाही म्हटलं, की या घरची मूठ संपली, देवी पांडेसऱ्याला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तू केलेला आरोप माझ्या डोक्यात घण घालत होता. मला वाटलं, आता कळणार. आणि अक्का, खरं सांगते, मला ऐकायचंच नव्हतं. पाणी आणायचं निमित्त करून आत जावं असं वाटलं. पण चौकट सोडवेना.

माय उठली. तिच्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे, भिंतीला हात लावून उठली. फडताळातून सूप काढलं आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवलं. रिकामं.

"किसननी मूठ दरसाल ह्या सूपमा पडनी," ती म्हणाली. "मी सोता टाकी. तो नको म्हने तवयबी टाकी. त्या पीठना रोट तुमीन समदासनी खाधात. कोनीच बोलनं नही, की यानी मूठ येगळी काढ. पोट भरीसन खाधात. आनि आते सुतक लागत नही?"

काकूंनी पदर डोक्यावरून घेतला, होता तो परत घेतला. तात्या म्हणाले, "वहिनी, मग पुढल्या साली देवी आमच्याकडे न्यावी लागेल. विचार करा. एकदा गेली की गेली."

"न्या," माय म्हणाली.

मी मध्येच काहीतरी बोलले, माय, थांब जरा, असं काहीसं. तिनं ऐकलं नाही. चौरंग काढला, पितळी तांब्या काढला, नथीची डबी, डोरलं, तू शिवलेल्या त्या वीतवीतभर साड्यांची घडी, सगळं गाठोड्यात बांधलं. एक साडी मी मागे ठेवू बघत होते, पोपटी, डायमंडची. माय म्हणाली, "टाक. तिना हातना शे, देवीले लागी." तिना, म्हणजे तिच्या. मी ऐकलं. तात्यांनीही ऐकलं असेल, पण ते गाठोडं उचलायच्या घाईत होते.

ते गेल्यावर मायच्या तळहाताला एक डायमंड चिकटलेला होता. तिनं तो काढला नाही. हात तसाच मांडीवर ठेवून बसून राहिली.

तर अक्का, तू हरलीस. मायनं तुझं ऐकलं असतं, मूठ काढली असती, तर तात्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. तू आमची नव्हतीसच, असं सिद्ध झालं असतं. ज्या मुठीला तू दरवर्षी रडलीस तीच मूठ रिकाम्या सुपातून भाऊकीपुढे ठेवता आली. पण मी जिंकले असंही नाही, कारण तिथे किसनचं नाव घ्यावं लागलं. केसरच्या नावानं काहीच मागता येत नव्हतं. हे बरोबर आहे का? तू असतीस तर रात्रंदिवस या एका गोष्टीवर भांडलो असतो. मी म्हटलं असतं, बघ, तिला नारळ नको होता, तूच हवी होतीस. तू म्हटलं असतंस, मी नाही, किसन. मग मी काय म्हटलं असतं? त्याचं उत्तर भांडी घासताना शोधत असते. कधी कधी तोंडानं बोलते, आणि माय आतून विचारते, कुणाशी बोलतेस. मी सांगते, अक्काशी. ती बरं म्हणते.

काल कानबाईचा रविवार होता. सकाळपासून गल्लीत ढोल. आपलं दार मी लोटून घेतलं होतं. तरी बायका आल्याच, शनिवारी विसरल्या असाव्यात किंवा नवीन राहायला आलेल्या. कडी वाजली. माय आणि मी दोघीही दचकलो. मी उघडलं तर समोर एक तरुण बाई, बीडकडची, नवरा पॉवरलूमवर आहे, गल्लीत राहायला येऊन फार दिवस झाले नाहीत. तिच्या घरी कानबाई नसते, पण शेजारणीनं तिच्या हाती ताट देऊन पाठवलेलं. ताटात नारळ, नथ, काजळ. म्हणाली, "ताई, इथं कानबाईचा शिणगार करून देतात ना? नथ बसंना झालीय."

मी म्हटलं, यंदा नाही होणार. ती गोंधळली. मागून माय आली, चौकटीला धरून उभी राहिली. बाईनं विचारलं, "का हो आजी? तुमच्याकडं नाही बसवली?"

"सुतक शे, बाई."

"अगं माय, मला ठाऊक नव्हतं. कोण गेलं?"

मी मायकडे बघितलं नाही. नारळाकडे बघत राहिले. डोळे काढलेले होते, नाक नव्हतं. मला वाटलं, आता किसन म्हणेल. म्हणू दे, असंही वाटलं. तिनं तुझ्यासाठी देवी दिली, आता नावासाठी काय अडायचं.

माय म्हणाली, "मनी मोठी आंडेर गई."

त्या बाईला अहिराणी कळली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "थोरली मुलगी गेली म्हणते." ती बाई चुकचुकली, मायच्या हाताला हात लावला आणि ताट सांभाळत निघून गेली.

मी दार लावलं नाही. मागे वळून आत बघितलं, तू ऐकलंस का म्हणून.